आजोळ : नदीच्या अलीकडचं, पलीकडचं

आचार्य शांतिसागर महाराजांचं चरित्र आपल्यापैकी कुणी ऐकलं नाही असं व्हायचं नाही. दूधगंगा-वेदगंगेच्या संगमाजवळचं भोज हे त्यांचं गाव, हे शाळकरी पोरही सांगेल. पण १८७२ साली त्यांचा जन्म भोजमध्ये झाला नाही. तो झाला जवळच्या येळगुळला, त्यांच्या आजोळी. चरित्र सांगणारे पंडित हे वाक्य घाईनं उरकतात आणि पुढच्या वैराग्याकडे वळतात. मी मात्र दरवेळी तिथंच अडकते. सत्यवतीबाई दिवस भरत आल्यावर बैलगाडीतून माहेरी गेल्या असतील, त्यांच्या आईनं खोली सारवून ठेवली असेल, शेगडी, डिंक, आळीव, शेपा सगळं काढून ठेवलं असेल. पुढे ज्यांच्या चरणांशी हजारो माणसं झुकली त्या सातगौडाला जगात पहिल्यांदा उचलून घेणारे हात बहुतेक त्याच्या आजीचे होते. असल्या गोष्टी कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून त्या घडल्या नाहीत असं थोडंच आहे!

इतिहास म्हटलं की आपल्याकडे राजे येतात, नाहीतर मुनी येतात. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचा इतिहास विचारा : रट्टांचा राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बिचिराज, साल १२०४. पाठ असतं. पण त्या बस्तीत आठशे वर्षं नातवंडांना कडेवर घेऊन कोण आलं, गंधोदक त्यांच्या कपाळाला कुणी लावलं, ‘हात जोड, हात जोड’ कोण म्हणालं, त्याचा शिलालेख नाही. मला या लेखात तेवढंच बघायचं आहे. आपल्या या सीमेवरच्या मुलखात आजी-आजोबांकडे नातवंड येणं ही गोष्ट कशी होती, ती कशी बदलली, आणि आता तिचं काय चाललं आहे.

आधी शब्दच घेऊ. मराठीत आजी, कानडीत अज्जी. दोन्हीकडच्या लोकांना वाटतं हा शब्द आपला. आपल्या बेळगावच्या बोलीत तर आपण जोर देऊन ‘आज्जी’च म्हणतो, त्यामुळे भांडणच मिटलं. संस्कृत ‘आर्यक’ म्हणजे मानाचा, वडीलधारा माणूस. पालीत त्याचं ‘अय्यक’ झालं आणि त्याचा अर्थच आजोबा असा झाला. प्राकृतातून तो ‘आजा’ होऊन मराठीत उतरला. आजा आणि कुळ मिळून आजोळ, असं जाणकार सांगतात. आणि आर्यिका? तो शब्द आपण जैन बायका रोज वापरतो, आर्यिका माताजींसाठी. घर सोडून गेलेल्या साध्वीचं नाव आणि घर धरून बसलेल्या आजीचं नाव मुळात एकाच शब्दातून यावं, याची मला फार गंमत वाटते. प्राकृतचे एवढे मोठे पंडित डॉ. आ. ने. उपाध्ये आपल्याच सदलग्याचे. १९०६ साली जन्मलेले. त्यांच्या गावात जन्मभर ‘आज्जी, आज्जी’ कानावर पडलं असणार त्यांच्या. प्राकृत काय परकं वाटणार!

आता एक हिशेब करून बघा. आपण ‘आजी’ म्हटलं की पांढरे केस, काठी, चष्मा असं चित्र डोळ्यांपुढं आणतो. शंभर वर्षांपूर्वीची आजी तशी नव्हती. शांतिसागर महाराजांचंच लग्न लहानपणी, नवव्या वर्षी लावून दिलं होतं आणि ती बिचारी मुलगी काही महिन्यांतच वारली. शारदा कायदा १९२९ चा, लागू झाला १९३० च्या एप्रिलपासून. त्यानं मुलीचं वय ठरवलं चौदा. तेही कितीजणांनी पाळलं ते आपल्याला माहीत आहे. माझ्या आईच्या आईचं लग्न अकराव्या वर्षी झालं. सोळाव्या वर्षी पहिली मुलगी. त्या मुलीचं, म्हणजे माझ्या मावशीचं, लग्न तेराव्या वर्षी. माझी आज्जी पहिल्यांदा आज्जी झाली तेव्हा तिचं वय तेहतीस होतं आणि तिच्या स्वतःच्या मांडीवर धाकटा मामा दूध पीत होता. मावशी आणि आज्जी एकाच वेळी बाळंतीण असण्याचा प्रकार तर घरोघर. ‘नातवंडांचं कौतुक करायला वेळ कुठला गा, माझीच चार होती की,’ असं ती म्हणायची. म्हणजे निवांत बसून नातवाला गोष्ट सांगणारी आजी ही फार जुनी नाही. बायकांचं लग्नाचं वय वाढलं, बाळंतपणं कमी झाली, आयुष्य लांबलं, तेव्हा कुठं ती जन्माला आली.

आणि ज्या आज्या निवांत होत्या त्या का निवांत होत्या, तेही आठवून बघावं. बहुतेक विधवा असायच्या. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षांत तो धारवाड-बेळगाव भागात फिरला. १९१८ चा इन्फ्लुएन्झा त्यावर कळस. गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे दिवस ते. आई गेली की पोरं आजोळी. वर्ष-दोन वर्षांची सुट्टी नव्हे, कायमची. मामाच्या दारात वाढलेली मुलं त्या पिढीत फार दिसतात, ती लाडानं गेलेली नव्हती.

माझ्या आईचं माहेर कुंभोजजवळचं, सासर निपाणीजवळचं. मध्ये अंतर बैलगाडीचं एक दिवसाचं. पण आईच्या लग्नात माहेर होतं कोल्हापूर संस्थानात आणि सासर होतं इंग्रजांच्या बेळगाव जिल्ह्यात. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि आईचं माहेर-सासर पहिल्यांदा एका राज्यात आलं. ते सुख साडेसात वर्षं टिकलं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा काढून इकडे ठेवला. मी त्यानंतरच्या वर्षी जन्मले. आई मला गमतीनं म्हणायची, ‘तू पोटात आलीस आणि माझं माहेर परमुलखात गेलं.’ मी जन्मले मात्र परमुलखातच, आजोळी.

त्या काळात जायचं कसं, हे आताच्या मुलींना सांगावं लागतं. रेल्वे आपल्याकडे लवकर आली. सदर्न मराठा रेल्वेचा मीटर गेज रूळ १८८० च्या दशकात लोंढा-बेळगाव-मिरज असा आला, मिरज-कोल्हापूर फाटा १८९१ चा. चिकोडी रोड, रायबाग, कुडची अशी स्टेशनं. निपाणीला रेल्वे नाहीच. पण रेल्वेनं एक मोठं काम केलं. त्याआधी लेक वर्षा-दोन वर्षांनी, सणाला किंवा बाळंतपणाला माहेरी यायची, भाऊ न्यायला आला तरच. रेल्वेमुळं आणि पुढे १९४८ पासून एसटीमुळं लेकरं घेऊन बाई एकटी निघायला लागली. सासूनं ‘पाठवते’ म्हणेपर्यंत वाट बघायची, ते होतंच. पण भावाला पेरणी-सुगी सोडून यायला लागेना.

दुसरं काम शाळेनं केलं. मे महिन्याची सुट्टी ही काही आपल्या पंचांगातली नव्हे. आपल्या पंचांगात अष्टाह्निका आहे, दशलक्षण आहे, दिवाळी आहे. उन्हाळ्यात सगळं बंद ठेवायची पद्धत इंग्रजी शाळा-कचेऱ्यांबरोबर आली. शेतकऱ्याला ती बरीच जमली, कारण रब्बी निघालेली असते आणि वळीव पडेपर्यंत रानात फारसं काम नसतं. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ साली स्तवनिधीला स्थापन झाली आणि मग बोर्डिंगं निघाली. आपल्या शेतकऱ्यांची पोरं कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळीला राहून शिकायला लागली. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात होते. बोर्डिंगातला पोरगा वर्षभर आमटी-भात खाऊन कंटाळलेला, तो सुट्टीला मोकाट सुटायचा तो आधी आईकडे, मग आजोळी. ‘मामाच्या गावाला’ हे जे आपल्या मनात कोरलेलं आहे ना, ते या शाळेच्या घंटेनं कोरलेलं आहे.

आमचं आजोळ म्हणजे मोठा सोपा, मध्ये चौक, परड्यात विहीर. पहाटे आजोबा उठून सामायिकाला बसायचे. आम्ही पोरं सोप्यावर ओळीनं झोपलेली. त्यांचा णमोकार आमच्या झोपेत शिरायचा. मला तो कुणी शिकवल्याचं आठवत नाही, तो येतच होता. मग आज्जी पाणी गाळायची. दुपदरी गाळणं, त्याला ती कुणालाही हात लावू द्यायची नाही. गाळलेल्या पाण्याचं उरलेलं, जीवाणीचं पाणी, पुन्हा त्याच विहिरीत हळूच सोडायचं, वरून ओतायचं नाही. ‘का?’ म्हणून विचारलं तर ‘त्यांना पडल्यावर लागतंय की,’ एवढंच उत्तर. मी पुढे अहिंसेवरची पुस्तकं वाचली. त्या एका वाक्याच्या पलीकडं त्यांनी मला फारसं नेलं नाही.

सूर्य मावळायच्या आत जेवण. सुट्टीत पोरं विहिरीवरून यायची उशिरा, आणि आज्जी दारात उभी राहून मावळतीकडे बघत हाका मारायची. जो चुकला त्याला गूळ-शेंगदाणे सुद्धा नाहीत, नुसतं दूधही नाही. धाकटा मामा मात्र हळूच चुरमुरे आणून द्यायचा. हे आज्जीला माहीत होतं, हे आम्हाला खूप वर्षांनी कळलं.

अक्षय्य तृतीया सुट्टीतच यायची. भगवान ऋषभदेवांना दीक्षेनंतर कितीतरी महिने आहार मिळाला नव्हता, लोकांना आहारदानाची रीतच माहीत नव्हती. हस्तिनापूरला श्रेयांसानं उसाचा रस दिला तो हा दिवस. श्वेतांबर परंपरेत श्रेयांस हा ऋषभदेवांचा पणतू. म्हणजे पणजोबा दारात आले आणि पणतवानं ओंजळीत रस दिला! आमच्या आजोळी ऊस घरचा. त्या दिवशी आधी बस्तीत, मग आजोबांना, मग आम्हाला, अशा क्रमानं रस मिळायचा. आजोबा मुद्दाम ओंजळ पुढे करायचे आणि नातवंडांपैकी सर्वांत लहान जो असेल त्यानं त्यांच्या ओंजळीत ओतायचा. निम्मा त्यांच्या धोतरावर सांडायचा. वर्षभर न हसणारे आमचे आजोबा त्या वेळी हसायचे, ते मी पाहिलं आहे.

गोष्टी सांगायचं काम आज्जीचं. तिची आवडती गोष्ट गुळ्ळकायज्जीची. चामुंडरायानं श्रवणबेळगोळला एवढी सत्तावन्न फुटांची मूर्ती उभी केली, घागरींनी दूध ओतलं, पण अभिषेक कमरेच्या खाली उतरेना. मग एक म्हातारी गुळ्ळकायीच्या करवंटीत चमचाभर दूध घेऊन आली आणि तेवढ्यानं गोम्मटेश्वर पायापर्यंत न्हाला. त्या म्हातारीची मूर्ती तिथं समोरच आहे. पंडित सांगतात ती कूष्मांडिनी देवी होती, चामुंडरायाचा गर्व उतरवायला आली. आमची आज्जी देवीचं नाव घ्यायची नाही. ‘कुणाची तरी आज्जी हुती,’ असं सांगायची. पुढे १९८१ च्या महामस्तकाभिषेकाला आम्ही श्रवणबेळगोळला गेलो तेव्हा मी मूर्तीच्या पायाशी कोरलेली अक्षरं बघितली : कानडी, तमिळ आणि मराठी, तिन्ही भाषांत कुणी मूर्ती करवली ते लिहिलेलं. हजार वर्षांपूर्वीचा गोम्मटेश्वर तीन भाषा अंगावर घेऊन शांत उभा आहे, आणि इकडे आम्ही पाट्यांवरून डोकी फोडतोय!

माझ्या एका श्वेतांबर मैत्रिणीनं मला मरुदेवीची गोष्ट सांगितली, ती आपल्या दिगंबर परंपरेत तशी नाही. मुलगा दीक्षा घेऊन गेला म्हणून रडून रडून मरुदेवीची दृष्टी अंधुक झाली. नातवाला, भरत चक्रवर्तीला, ती रोज बोल लावायची : तू राज्य भोगतोस, माझा ऋषभ कुठं उपाशी हिंडतोय. शेवटी भरत आजीला हत्तीवर बसवून समवसरणात घेऊन गेला. तिथलं वैभव कळल्यावर तिचा मोह गळाला आणि हत्तीवरच तिला केवलज्ञान झालं. स्त्रीला मोक्ष आहे की नाही या वादात मी इथं पडत नाही. मला त्यातला नातू आवडतो. चक्रवर्ती असून आजीची रोजची बोलणी ऐकून घेणारा.

आजोळचं वर्णन करताना एक माणूस नेहमी राहून जातं. मामी. आमच्या दोघी मामी होत्या आणि मे महिन्यात घरात चौदा-पंधरा पोरं. भाकऱ्यांची चवड बघून आता मला घाम फुटतो. त्यांची स्वतःची माहेरं कुठं होती? तीच तर मेख. नणंदा लेकरं घेऊन येणार म्हणून त्यांना मे महिन्यात माहेरी जाता यायचं नाही, त्यांची पोरं मामाच्या गावाला जायची ती जूनच्या पहिल्या आठवड्यात, चार दिवस. आजोळच्या आठवणींची जी पुस्तकं आपण कौतुकानं वाचतो ती सगळी भाच्यांनी लिहिलेली आहेत. एखाद्या मामीनं लिहिलेलं पुस्तक मी शोधते आहे.

१९५६ नंतर त्या जूनच्या पहिल्या आठवड्यालाही कात्री लागली. ही गोष्ट सीमाप्रश्नावरच्या मोठ्या ग्रंथांत सापडायची नाही. महाजन आयोग नेमला १९६६ ला, त्याचा अहवाल १९६७ चा, म्हैसूरचं कर्नाटक झालं १९७३ ला, महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला २००४ ला, बेळगावचं बेळगावी झालं २०१४ ला. ते सगळं लिहिलेलं आहे. पण कर्नाटकातल्या शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुटतात आणि मे संपता संपता भरतात, महाराष्ट्रातल्या उशिरा सुटतात आणि जूनच्या मध्यावर भरतात. आम्ही कर्नाटकातली भावंडं एप्रिलमध्ये आजोळी हजर, तर मामाच्या, मावशीच्या पोरांच्या परीक्षा चाललेल्या. ती मोकळी व्हायची तेव्हा आमचे निम्मे दिवस संपलेले. जूनमध्ये आंबे खरे उतरायचे आणि आम्ही निपाणीला नव्या वह्यांना कव्हरं घालत बसलेलो. एका घरातली सख्खी मामे-आते-मावस भावंडं, त्यांच्या एकत्र सुट्टीचे दिवस दोन राज्यांनी मिळून वीस-बावीसवर आणले. आजोबांना शेवटपर्यंत हे पटलं नाही. ‘ऊन एकच हाय की गा, मग सुट्टी दोन कशा?’

माझी थोरली मुलगी १९८० सालची. बाळंतपणाला मी निपाणीकडे माहेरी गेले. तिचा पहिला वाढदिवस आजोळी करायचा असा आमच्या बाबांचा हट्ट होता, आणि तो यायचा १९८१ च्या एप्रिलात. तेव्हा तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळ हमरस्त्यावर बैठक मारली होती. मार्चपासून रस्ता बंद. बाबा स्वतः तंबाखूवाले, रात्रंदिवस तिथंच बसलेले. जैन माणसानं तंबाखू पिकवावी का, हा वाद आमच्या घरात कायमचा होता. पण पोट त्यावर होतं. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. बाबा दुसऱ्या दिवशी घरी आले ते न बोलता नातीला उचलून घेऊन सोप्यावर बसले. ती त्यांच्या दाढीचे खुंट ओढत होती. वाढदिवस झाला नाही. माझ्या मुलीला यातलं काही आठवणं शक्य नाही, पण ती आजही सांगते, ‘मी आंदोलनात होते.’

आता ती पुण्यात असते, मुलगा बेंगळुरात. आणि इथं मला या इतिहासातला सर्वांत मोठा बदल दिसतो. पूर्वी नातवंड ‘येतं’ ते लेकीचं. मुलाचं मूल घरातच असायचं, ते येणार कुठून? त्याला पाठीत धपाटा आणि लेकीच्या मुलाला तुपाची धार, अशी आपली वाटणीच होती. आता मुलाचं मूलही पाहुणं. आपल्या घराचा वारस म्हणवणारा नातू बॅग घेऊन दारात उभा राहतो आणि विचारतो, ‘आज्जी, वायफायचा पासवर्ड काय?’ त्याला तुपाची धार की धपाटा, आम्हा दोघा म्हाताऱ्यांना अजून नीट ठरवता आलेलं नाही. आमच्या यांनी तोडगा काढला आहे : वाफ आलेल्या भातावर तूप, आणि विहिरीवर एकटं गेलं तर धपाटा.

दोन्ही नातवंडं एकाच वेळी येतात तेव्हा घरात तीन भाषा होतात. पुण्याची नात नऊ वर्षांची, मराठी झकास. बेंगळुरूचा नातू अकराचा. शाळेत इंग्रजी आणि कानडी. २०१५ च्या कायद्यानं तिथं कानडी शिकावीच लागते, आणि मला त्यात वाईट काही दिसत नाही. मराठी त्याला समजते, बोलताना अडखळतो. नात मला हसते. ‘आज्जी, तू बाई आहेस ना? मग येतो, जातो काय म्हणतेस?’ आता तिला काय सांगू! कोल्हापूर-बेळगावच्या आम्ही बायका पिढ्यान्पिढ्या ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणत आलो. नातवानं मध्येच सांगितलं, ‘कन्नडमध्ये पण तसंच. मी म्हणताना मुलगा-मुलगी वेगळं नाही.’ अगदी बरोबर. कानडीत ‘मी’ बोलताना क्रियापदाला लिंग नसतं, आणि शेकडो वर्षांच्या शेजारानं ते आमच्या मराठीच्या अंगवळणी पडलं असावं. पुण्यात ज्याला लोक अशुद्ध म्हणतील ते मला या अकरा वर्षांच्या पोरानं एका वाक्यात शुद्ध करून दिलं.

२०२० च्या मार्चनंतर दीड वर्ष दोघंही आली नाहीत. कोगनोळीच्या नाक्यावर पास, पुढे चाचणीचा कागद. पुण्याहून निघालेली गाडी आपल्याच घराच्या वाटेवर अडायची. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पुन्हा पेटला तेव्हाही दोन्हीकडच्या बसगाड्या थांबल्या होत्या. मोबाईलवर तोंडं दिसायची, हे खरं. पण मोबाईलवरून गंधोदक लावता येत नाही, आणि पाणी कसं गाळायचं तेही दाखवता येत नाही. मी एकदा प्रयत्न केला, त्यांना फक्त माझं कोपर दिसलं.

मैत्रिणींनो, आता ज्या गोष्टीबद्दल आपण बस्तीच्या ओट्यावर कुजबुजतो आणि मोठ्यानं बोलत नाही, तिच्याबद्दल. आजोळ टिकलं ते कशावर? पुष्कळ अंशी लेकीच्या हक्कसोडीवर. लेकीनं वाटा मागायचा नाही, त्या बदल्यात भावानं साडी-चोळी, दिवाळीची भेट, आणि मे महिन्यात तिच्या पोरांना आंबे द्यायचे. हा न लिहिलेला करार होता. १९५६ च्या वारसा कायद्यात जैनही येतात. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत लेकीला वाटा तेव्हाच आला. वडिलोपार्जितात १९९४ साली महाराष्ट्रानं आणि कर्नाटकानं दोघांनीही दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या लेकींना वगळून. म्हणजे आम्हाला नाहीच. २००५ च्या दुरुस्तीनं ती अट गेली, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं स्वच्छ सांगितलं की लेकीचा हक्क जन्मानं आहे, वडील २००५ ला हयात असोत वा नसोत.

कायदा झाला तसे भाऊ हक्कसोडीचे कागद घेऊन गावोगाव फिरायला लागले. माझ्या एका मावसबहिणीनं सही केली नाही. त्या वर्षापासून तिच्या पोरांचं आजोळ बंद. आईच्या आजारपणातसुद्धा तिला सोप्यापर्यंतच येऊ दिलं. दुसरीनं सही केली आणि तिचंही आजोळ हळूहळू बंदच झालं, कारण भाऊ-भावजय जाऊन भाचा कारभारी झाला आणि त्याला ही म्हातारी कोण! मला तर वाटतं, वाटा मागितल्यानं नातं तुटतं म्हणणाऱ्यांनी दोन्ही घरं बघून यावीत. आपल्याकडे अपरिग्रहाचं प्रवचन बायकांना जरा जास्तच ऐकवलं जातं.

माझ्या भावानंही कागद आणला होता. मी चष्मा लावून तो सगळा वाचला, कानडीत होता. मी काही म्हणायच्या आत तोच म्हणाला, ‘अक्का, करायची नसेल तर करू नकोस की. मी फक्त विचारायला आलो.’ मी रान मागितलं नाही, घराच्या पूर्वेच्या दोन खोल्या आणि समोरचा सोप्याचा तुकडा मागितला. वहिनी दोन महिने बोलली नाही. मग एक दिवस तिनंच निरोप धाडला की कौलं बदलायची आहेत, तुझ्या बाजूचीही एकदमच करून घेऊ का. आता मे महिन्यात दहा दिवस मी नातवंडांना घेऊन तिथं जाते, माझ्या खोल्यांत चूल मांडते. वहिनीला त्या दहा दिवसांत तिच्या माहेरी जायला मी सांगते. गेल्या दोन वर्षांत ती गेली.

या वर्षी दोन्ही नातवंडं तिथं एकत्र सापडली, पाच दिवस. पावसाच्या आत कागदपत्रं उन्हाला टाकायची म्हणून मी पत्र्याची पेटी उघडली. घराचा नवा उतारा कानडीत. नातू पोटावर पडून तो अक्षर अक्षर लावत वाचत होता, आणि मध्येच ओरडला, ‘आज्जी, इथं तुझं नाव आहे!’ नातीला ती अक्षरं लागेनात, म्हणून ती चिडली. मग तिला मी बस्तीत नेलं. तिथं दारात देणगीदारांची फरशी आहे, मराठीतली, पाऊणशे वर्षांपूर्वीची. तिच्यावर माझ्या आजोबांचं नाव आहे, वडिलांच्या वडिलांचं. तिनं ते मोठ्यानं वाचलं. खालच्या ओळीत आज्जीचं नाव होतं, ‘यांची पत्नी’ म्हणून नव्हे, सरळ वेगळं, एक्कावन्न रुपये. साठ वर्षं मी त्या दारातून आत-बाहेर करते आहे, पण ती ओळ चुन्याखाली होती. भावानं गेल्या पर्युषणात दार घासून घेतलं म्हणून ती दिसली. नातू धावत आला आणि विचारू लागला की एक्कावन्न रुपयांत तेव्हा काय येत होतं. मी भावाला हाक मारली, त्याला तंबाखूचे जुने भाव पाठ आहेत.